काट्यावर चढतं ते सगळंच वजन

नाशिकजवळच्या शिंदे गावातल्या एमडीच्या (मेफेड्रोन या नशेच्या द्रव्याच्या) कारखान्यावर मुंबई पोलिसांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये छापा घातला. तेव्हापासून नाशिकमध्ये अंमली पदार्थांच्या कायद्याबद्दल बोलणं वाढलं, आणि त्याबरोबर ऐकीव माहितीही. एमडी अफूच्या कुळातलं नाही; ते रसायनांपासून बनतं. या अंकासाठी निवडलेली पत्रं अफू आणि तिच्या गोतावळ्याची आहेत : गर्द (भेसळीचं हेरॉइन), डोडाचुरा (अफूच्या सुक्या बोंडांचा चुरा), मॉर्फिन, कोडीन, आणि रसायनांपासूनच बनणारं पण अफूसारखं काम करणारं वेदनाशामक ट्रॅमाडॉल. कायदा सगळ्यांना एकच, १९८५ चा, ज्याला कोर्टात आणि पोलीस ठाण्यात सगळे 'एनडीपीएस' म्हणतात. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न (पंचवटी) : माझ्या भाच्याला ३०० ग्रॅम गर्दसह पकडलं आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात त्यात हेरॉइन १२ टक्के असल्याचं आलंय. म्हणजे खरं हेरॉइन ३६ ग्रॅमच झालं. बाकी सगळी भेसळ. मग व्यापारी प्रमाणाचं कलम कसं लागतं?

उत्तर : तुमचा हिशेब एके काळी कोर्टात चालत होता. २००८ साली ई. मायकल राज खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं शुद्ध द्रव्याचंच वजन धरायचं असं म्हटलं होतं. २२ एप्रिल २०२० ला हीरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो निकाल चुकीचा ठरवला. आता गर्दमध्ये मिसळलेली पावडर, साखर, जे काही असेल ते हेरॉइनबरोबर काट्यावर चढतं. अहवालातले १२ टक्के एवढंच सिद्ध करतात की माल हेरॉइनचा आहे. वजन ३०० ग्रॅमच.

हेरॉइनसाठी ५ ग्रॅमहून कमी ते 'अल्प प्रमाण' : जास्तीत जास्त १ वर्षाची सक्तमजुरी, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २५० ग्रॅमहून जास्त ते 'व्यापारी प्रमाण' : कमीत कमी १०, जास्तीत जास्त २० वर्षं सक्तमजुरी आणि १ ते २ लाख दंड, कारणं नोंदवून न्यायाधीश दंड याहूनही वाढवू शकतात. मधल्या पट्ट्यात १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. हे कलम २१. अफूसाठी कलम १८ लागतं आणि आकडे २५ ग्रॅम व अडीच किलो. मॉर्फिनचे आकडे हेरॉइनसारखेच.

व्यापारी प्रमाणात दोषी ठरल्यावर '१० वर्षांच्या खाली या' असं न्यायाधीशांना सांगता येत नाही. वय कमी आहे, पहिलाच गुन्हा आहे, घरी म्हातारी आई आहे, या गोष्टी १० आणि २० च्या मध्ये कुठे थांबायचं यासाठी उपयोगी पडतात, १० फोडण्यासाठी नाही. शिक्षेत सरकारी माफीचे दिवसही मिळत नाहीत, कलम ३२-अ तसं सांगतं. याच कलमाबद्दलच्या महाराष्ट्रातल्या दादू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००० साली दोन गोष्टी स्पष्ट केल्या : अपील सुरू असताना शिक्षा स्थगित करण्याचा कोर्टाचा अधिकार हे कलम हिरावू शकत नाही (मात्र जामिनाच्या कडक अटी तिथेही लागू), आणि पॅरोल म्हणजे शिक्षेची स्थगिती नव्हे.

मोठ्या तस्करीबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. २५ किलो सापडले की वेगळं, आणखी वरचं कलम लागतं असं लोकांना वाटतं. तसं नाही. २५१ ग्रॅम आणि २५ किलो एकाच खान्यात येतात. फरक पडतो तो खान्याच्या आत. गुरदेव सिंग खटल्यात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की किमान शिक्षेपेक्षा जास्त देताना मालाचं प्रमाण विचारात घेता येतं. तिथे १ किलो हेरॉइनसाठी दिलेली १५ वर्षांची शिक्षा कायम राहिली. शस्त्र वापरलं, अल्पवयीन मुलांना कामाला लावलं, शाळा-कॉलेजच्या आसपास विक्री केली, संघटित टोळीशी संबंध निघाला, की आकडा वर सरकतो. ते कलम ३२-ब मध्ये लिहिलेलं आहे.

व्यापारी प्रमाणात दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान आणि कमाल दोन्ही दीडपट, म्हणजे १५ ते ३० वर्षं. आणि त्या दुसऱ्या गुन्ह्यात हेरॉइन १ किलो किंवा अफू १० किलो असेल, तर कलम ३१-अ खाली फाशीपर्यंत शिक्षा जाऊ शकते. पूर्वी तिथे फाशी सक्तीची होती. मुंबई उच्च न्यायालयानं २०११ मध्ये ती सक्ती अमान्य केली आणि २०१४ च्या दुरुस्तीनं कायद्यातही ती ऐच्छिक झाली.

आता तुमच्या भाच्याच्या फाइलमध्ये काय बघायचं ते. पंचनाम्यात ३०० ग्रॅम हे वजन पिशवीसकट आहे की पिशवी वगळून, हे आधी वाचा. हिशेबात भेसळ धरतात, पॉलिथिन नाही. ३०० मध्ये ५० ग्रॅमची पिशवी निघणं कठीण आहे, तरी सुट्या पुड्या एकत्र मोजल्या असतील तर प्रत्येक पुडीतून नमुना घेतला का, हे बघा. दहा पुड्यांपैकी दोनच तपासल्या असतील तर उरलेल्या आठांत काय होतं, हा प्रश्न तुमच्या वकिलांनी विचारायलाच हवा.

प्रश्न (सिडको) : मोठ्या भावाला अटक होऊन चार महिने झाले, तो नाशिकरोडच्या कारागृहात आहे. वकील म्हणतात '१८० दिवस थांबा.' म्हणजे नेमकं काय? आणि तोवर घरच्यांनी काय करावं?

उत्तर : व्यापारी प्रमाणात कलम ३७ लागतं. त्यात जामीन देण्याआधी सरकारी वकिलांना विरोधाची संधी द्यावी लागते, आणि आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे व सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टींची कोर्टाची खात्री पटावी लागते. खटला सुरू होण्याआधीच 'दोषी नाही' म्हणायला कोर्ट सहसा तयार होत नाही. म्हणून वकील दिवस मोजतात. इतर बहुतेक गंभीर गुन्ह्यांत दोषारोपपत्राला जास्तीत जास्त ९० दिवस असतात, इथे १८०. सरकारी वकिलांनी तपासाची प्रगती आणि मुदतवाढीची ठोस कारणं मांडणारा अहवाल दिला, तर विशेष न्यायालय ही मुदत १ वर्षापर्यंत नेऊ शकतं.

मोजणी अटकेच्या दिवसापासून नाही, पहिल्या रिमांडच्या दिवसापासून. मुदत संपली, वाढ मिळालेली नाही आणि दोषारोपपत्रही आलेलं नाही, तर जामीन हा हक्क होतो; त्याच दिवशी त्याचा अर्ज द्या. 'सोमवारी बघू' म्हणालात आणि शनिवारी दोषारोपपत्र दाखल झालं, तर हा हक्क गेला. असं घडतं आणि मग घरचे हळहळत बसतात. अर्जाचा मसुदा दहा दिवस आधी तयार ठेवा.

तोवर कागद जमवा. एफआयआर, अटकेची लेखी कारणं, जप्ती पंचनामा, वजनाची नोंद, सील केल्याची नोंद, मुद्देमाल कक्षाच्या रजिस्टरचा उतारा, प्रयोगशाळेला पाठवल्याचं पत्र. मग तारखा आणि वेळा एकाखाली एक लिहा. कायद्यात घड्याळं आहेत. घरात किंवा बंद जागेत झडती घेण्याआधी मिळालेली खबर लेखी घेऊन ७२ तासांत वरिष्ठांना कळवायची असते (कलम ४२). अटक-जप्तीचा पूर्ण अहवाल ४८ तासांत (कलम ५७). सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय घरात शिरले असतील तर त्याची कारणं लिहिलेली हवीत. भर रस्त्यात पकडलं असेल तर मात्र कलम ४३ येतं आणि ४२ ची ही घड्याळं लागू होत नाहीत. जागा कुठली होती यावर बराच युक्तिवाद अवलंबून असतो.

अंगझडतीचं कलम ५० वेगळं. 'राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती घेतली जावी हा तुमचा हक्क आहे' हे आरोपीला नीट सांगावं लागतं. 'तुमची काही हरकत आहे का?' एवढं विचारणं पुरत नाही; विजयसिंह जाडेजा खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ते ठामपणे सांगितलं. पण माल खिशात नसून हातातल्या बॅगेत किंवा डिकीत असेल तर कलम ५० लागू नाही. इथे भले भले वकीलही नाहक वेळ घालवतात.

नमुन्यांबद्दल : जप्त माल दंडाधिकाऱ्यांसमोर नेऊन यादी, फोटो आणि नमुने प्रमाणित करून घ्यायचे असतात (कलम ५२-अ). हेरॉइनचे नमुने ५-५ ग्रॅमचे, अफूचे २४-२४ ग्रॅमचे, प्रत्येकी दोन. पूर्वी जागेवरच नमुने काढून लाख लावत. मोहनलाल खटल्यानंतर (२०१६) आणि २०२२ च्या नियमांनंतर ते काम दंडाधिकाऱ्यांसमोरचं झालं. मात्र यात उशीर झाला म्हणून आपोआप जामीन मिळेल अशी आशा धरू नका. डिसेंबर २०२४ मध्ये काशिफ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तसं साफ नाकारलं. १ जुलै २०२४ नंतरची झडती असेल तर नव्या फौजदारी संहितेच्या कलम १०५ प्रमाणे तिचं चित्रीकरण व्हायला हवं. ते मागा.

भावाने तपास यंत्रणेच्या अधिकाऱ्यासमोर कबुलीजबाबावर सही केली असेल तर घाबरून जाऊ नका. तोफान सिंग खटल्यानं (ऑक्टोबर २०२०) कलम ६७ खालचा असा जबाब कबुली म्हणून पुराव्यात घेता येत नाही असं ठरवलं आहे. पण त्यातून पुढे सापडलेले फोनचे तपशील आणि यूपीआयचे व्यवहार स्वतंत्र पुरावा म्हणून उभे राहतात. आणि कटाचं कलम २९ लागलं की माल हातात नसलेल्यालाही तीच शिक्षा.

खटला रखडला तर? किमान १० वर्षांच्या गुन्ह्यात ५ वर्षं कच्च्या कैदेत गेली की जामिनाचा विचार व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९४ सालीच सांगितलं. २०२३ च्या मोहम्मद मुस्लिम खटल्यात, खटला अवास्तव लांबला तर कलम ३७ आड येऊ देऊ नये असंही म्हटलं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा. कोठडीत असलेल्याला उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न (आडगाव) : आमचा ट्रक कांदा घेऊन वर गेला आणि येताना मंदसौरहून लसूण भरून निघाला. शिरपूरजवळ तपासणीत लसणाच्या गोण्यांत तीन गोण्या डोडाचुरा निघाला, ६० किलो. ड्रायव्हर आत आहे, ट्रक ठाण्याच्या आवारात उभा आहे आणि हप्ता चालू आहे. गाडी कधी सुटेल?

उत्तर : मंदसौर-नीमच हा सरकारी परवान्यानं अफू पिकवणारा पट्टा. बोंडाला चीर देऊन चीक काढल्यावर उरतं ते सुकं बोंड, म्हणजे डोडा. त्यातही मॉर्फिनचा अंश असतो, म्हणून त्याचा चुराही कायद्यात येतो. १ किलोहून कमी ते अल्प, ५० किलोहून जास्त ते व्यापारी प्रमाण. तुमच्या गाडीत ६० निघाले. कलम १५, शिक्षा तीच १० ते २० वर्षं.

गाडीसाठी कलम ६० आहे. मालकाला, त्याच्या एजंटला आणि गाडी ज्याच्या ताब्यात होती त्याला माहीत नव्हतं, त्यांची संमती नव्हती आणि प्रत्येकानं वाजवी काळजी घेतली होती, हे मालकानं सिद्ध केलं तर गाडी सरकारजमा होत नाही. सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर आहे. खटला संपेपर्यंत गाडी तात्पुरती परत देता येते, असं ७ जानेवारी २०२५ ला बिश्वजित डे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. तोही कर्जाचाच ट्रक होता. पण तो निकाल नीट वाचा, कारण अनेक जण अर्ध्यावर थांबतात. तिथे माल ट्रकमधल्या एका तिऱ्हाइत माणसाकडे सापडला होता. माल मालकाकडे किंवा त्यानं नेमलेल्या ड्रायव्हर-क्लीनरकडे सापडला, तर गाडी सहसा सोडली जात नाही, असं त्याच निकालात आहे. तुमचं प्रकरण या अवघड बाजूला जातं. त्यामुळे सगळी लढत 'मी कोणती काळजी घेतली' यावर होईल.

कोर्टासमोर ठेवायचे कागद : बिल्टी (किती गोण्या, किती वजन), भरल्यावरची काटापावती, जीपीएसचा मार्ग, फास्टॅगच्या नोंदी, ड्रायव्हर ठेवताना घेतलेली ओळखपत्रं व पोलीस पडताळणी, बँकेचं कर्जपत्र. बिल्टी आणि काटापावती २०० गोण्यांची आणि जप्तीत २०३ निघाल्या, तर जादा गोण्या भरल्यानंतर चढल्या हे दिसतं. जीपीएसमध्ये वाटेतला तासाभराचा थांबा दिसत असेल तर तोही लपवू नका, स्वतः दाखवा. पुढच्यासाठी : परतीच्या मालाचा गाडी भरतानाचा आणि ताडपत्री बांधतानाचा व्हिडिओ ड्रायव्हरनं पाठवायचा, असा नियम करा. 'वाजवी काळजी' म्हणून न्यायाधीशांना दाखवायला त्याहून चांगली वस्तू नाही.

प्रश्न (इंदिरानगर) : माझं मेडिकल आहे. कोडीनचं खोकल्याचं सिरप कायद्यातून वगळलेलं आहे असं एमआर (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) सांगतात, आणि पेपरात मात्र सिरपसाठी एनडीपीएस लागल्याच्या बातम्या येतात. खरं काय?

उत्तर : दोन्ही. कोडीन इतर घटकांबरोबर मिसळलेलं असेल, एका मात्रेत १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसेल, द्रवात अडीच टक्क्यांहून जास्त नसेल आणि ते औषध म्हणून रूढ असेल, तर ते 'मॅन्युफॅक्चर्ड ड्रग'च्या व्याख्येबाहेर राहतं. ५ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम म्हणजे ०.२ टक्के, मर्यादेच्या फारच खाली. पण 'औषध म्हणून' या शब्दांना वजन आहे. २०१२ साली मोहम्मद सहाबुद्दीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की परवाना आणि कागद नसताना पेट्याच्या पेट्या नेणाऱ्याला ही सूट मिळत नाही.

सूट गेली की काय होतं ते आकड्यांत बघा. १०० मिलिलिटरच्या बाटलीत शुद्ध कोडीन २०० मिलिग्रॅम. कोडीनचं व्यापारी प्रमाण १ किलो. शुद्ध वजन धरलं तर ५००० बाटल्या लागतील. पण आता मिश्रणाचं वजन धरतात, आणि सिरप पाण्यापेक्षा जड असतं. म्हणजे १० बाटल्यांतच १ किलो भरतो. एक छोटं खोकं, आणि समोर १० वर्षं.

ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ पासून कायद्यात आहे : अल्प ५ ग्रॅम, व्यापारी २५० ग्रॅम. पॅरासिटामॉल ३२५ आणि ट्रॅमाडॉल ३७.५ मिलिग्रॅमची गोळी घेतली तर औषधांचंच वजन ३६२.५ मिलिग्रॅम, साधारण ६९० गोळ्यांत २५० ग्रॅम होतात. ब्युप्रेनॉर्फिन या वेदनाशामकाचे आकडे आणखी कडक, १ ग्रॅम आणि २० ग्रॅम.

तेव्हा खरेदीचं बिल बॅच नंबरसकट, एच-१ या औषधांच्या यादीचं रजिस्टर (डॉक्टर, रुग्ण, औषध, नग) तीन वर्षं जपून, आणि काउंटरवरचा साठा रजिस्टरशी जुळलेला. सर्वांत जास्त घात होतो तो उसनवारीत. शेजारच्या दुकानदाराला 'दोन पेट्या दे, नंतर बिल करू' म्हणून दिलेला माल. त्या दोन पेट्या ज्याच्याकडे सापडतील त्याच्याकडे कागद नाही, आणि बॅच नंबर तुमच्या बिलावर आहे. 'औषध कायद्याखाली कारवाई करा, एनडीपीएस नको' हा युक्तिवाद राकेश कुमार खटल्यात (२०१८) फेटाळला गेला आहे. दोन्ही कायदे एकाच वेळी लागू शकतात.

प्रश्न (देवळाली) : आईला कॅन्सर आहे, मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत. एसटीनं गावी नेताना कुणी अडवलं तर?

उत्तर : निर्धास्त न्या. औषधासाठी मॉर्फिन बाळगणं हा गुन्हाच नाही. कलम ८ मध्येच वैद्यकीय कारणाची सूट आहे, आणि २०१४ ची दुरुस्ती खास वेदनाशमनासाठी ही औषधं सुलभ व्हावीत म्हणून झाली. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, सुट्या डबीत भरू नका. बरोबर डॉक्टरांची चिठ्ठी, बिल आणि आईचं ओळखपत्र असू द्या. या भीतीपोटी डोस चुकवू नका. वेदना सोसायचं काहीही कारण नाही. उरलेल्या गोळ्या मात्र शेजाऱ्याच्या आजारी आजोबांना देऊ नका. हेतू कितीही चांगला असो, कायद्याच्या भाषेत तो पुरवठा ठरतो. जिथून घेतल्या त्याच रुग्णालयात परत करा.

प्रश्न (अंबड) : माझा एमआयडीसीत गाळा आहे. भाडेकरूनं आत काय केलं त्याला मी जबाबदार कसा?

उत्तर : माहीत असून वापरू दिला तर कलम २५ प्रमाणे त्याच्याएवढीच शिक्षा. माहीत नव्हतं हे दाखवायला कागद लागतात : नोंदणीकृत करार, पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती, भाडं बँकेतून आल्याची नोंद. रोख आणि बाजारभावाच्या दुप्पट भाडं घेतलं असेल तर 'मला ठाऊक नव्हतं' कुणी ऐकणार नाही. करारात तीन महिन्यांतून एकदा आत येऊन पाहण्याचं कलम घाला आणि खरोखर जा. बंद शटर, रात्रीचंच काम, लेबल खरवडलेले ड्रम, आंबट झोंबणारा वास. व्हिनेगरसारखा तीव्र वास असिटिक अनहायड्राइडचा असू शकतो. हेरॉइन बनवायला ते लागतं आणि त्याच्या खरेदी-विक्रीला नोंदणी सक्तीची आहे. शंका आली तर १९३३ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवा, नाव गुप्त राहतं.

प्रश्न (गंगापूर रोड) : दिवाळीच्या अनारशांना लागणारी खसखस अफूच्याच झाडाची ना? मुलाला दुबईला पाठवायचा डबा आहे.

उत्तर : झाड तेच, पण आपल्या कायद्यानं बी वगळलेलं आहे. घरात किलोभर असली तरी हरकत नाही. दुबईला मात्र पाठवू नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या वस्तूंमध्ये आहे, अनारशावर लावलेलीसुद्धा. अनारसे तिळावर थापा.

प्रश्न (नाशिकरोड) : मुलगा गर्द ओढतो. पोलिसांना सांगितलं तर त्याला दहा वर्षं होतील या भीतीनं आम्ही गप्प आहोत.

उत्तर : दहा वर्षं होणार नाहीत. सेवनासाठी कलम २७ आहे, गर्दच्या बाबतीत जास्तीत जास्त १ वर्ष किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कलम ६४-अ खास तुमच्यासारख्यांसाठी आहे : व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा खटला त्याच्यावर चालवता येत नाही. अट एकच, उपचार पूर्ण करायचे. मध्येच सोडले तर हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. म्हणून दाखल केल्याचा कागद, हजेरी आणि प्रत्येक तपासणीची नोंद जपून ठेवा.

धोका दुसरीकडे आहे. स्वतःच्या पुडीसाठी तो मित्रांनाही आणून देऊ लागला, तर कायदा त्याला गिऱ्हाईक मानत नाही, विक्रेता मानतो. दहा मित्रांसाठी एकदाच आणलेली पिशवी त्याच्याच नावावर मोजली जाते. त्याच्याकडे वेगवेगळ्या लोकांकडून छोट्या रकमा येतायत का, हे आजच बघा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ वर फोन करा, केंद्राचा पत्ता मिळेल. गर्द एकदम घरच्या घरी बंद करू नका. अंगदुखी, उलट्या, जुलाब, झोप उडणं सुरू होतं आणि तिसऱ्या दिवशी मुलगा पळतो. आणि काही आठवडे सोडून पुन्हा पूर्वीएवढीच मात्रा घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरुवात करा.